गौताळ्याच्या रानात पितळखोऱ्याची लेणी

छत्रपती संभाजीनगरला आलेल्या पाहुण्यांना वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा दाखवून झाला, की यजमानांची यादी बहुधा तेथेच संपते. वस्तुतः शहराच्या वायव्येस, कन्नड तालुक्यात, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत एक निराळेच दालन उघडते. रान, धबधबे आणि अजिंठ्याच्या सर्वांत प्राचीन लेण्यांइतकी जुनी कोरीव कामे येथे एका दिवसाच्या सहलीत पाहता येतात.

सुमारे 260 चौरस किलोमीटरच्या या परिसरास 1986 मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. गौताळा हे नाव गौतम ऋषींच्या आश्रमाच्या आख्यायिकेवरून, तर औट्रम हे जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले. हे शुष्क पानगळीचे वन आहे. त्यामुळे वैशाखात आलेल्यास ते उजाड भासते आणि श्रावणात आलेल्यास ओळखू येत नाही. बिबट्या, नीलगाय, रानडुक्कर, मोर यांचा येथे वावर आहे. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ थेट येथे येऊन पोहोचला, तेव्हा या दुर्लक्षित रानाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले.

मात्र गौताळ्याचे खरे वैभव पितळखोऱ्याच्या दरीत दडलेले आहे. वरून पायऱ्या उतरू लागले, की प्रथम दिसतो तो ओढा, आणि मग पलीकडच्या कड्यातली लेणी. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल उभे आहेत. शेजारच्या चैत्यगृहातील खांबांवर नंतरच्या काळातील बुद्धचित्रांचे अवशेष दिसतात. दान देणाऱ्यांच्या लेखांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, उल्लेख आहे. राजवैद्याच्या आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुटुंबांनी येथे खर्च केला होता. पैठणची श्रीमंती या डोंगरात कशी पोहोचली, याचे उत्तर खानदेशात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेत आहे. मलब्यात सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर कृष्णदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचे कोरलेले आहे. ती मूर्ती पाहावयाची तर दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय गाठावे लागते!

या लेण्यांचा वैरी एकच, पाणी. येथील खडक ठिसूळ आहे. वरून झिरपणाऱ्या पाण्याने अनेक दर्शनी भाग कोसळले आहेत. खोदणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग कोरून, खडकातील पन्हाळीचे पाणी त्याच्या फण्यांतील छिद्रांतून बाहेर पडेल अशी योजना त्यांनी केली होती. संकटाचेच अलंकारात रूपांतर करणारी ही कल्पना पाहण्यासाठी तरी येथे थांबावे. घाईने आलेले पर्यटक हत्ती पाहून परततात आणि नाग राहून जातो.

ऐन पावसाळ्यात दरी देखणी दिसते हे खरे; पण ओढा फुगला असता तो ओलांडण्याचे साहस करू नये. शेवाळलेल्या पायऱ्याही घसरड्या असतात. शिल्पे निवांत न्याहाळायची असतील, तर ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम.

घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या बाजूस पाटणादेवीचे प्राचीन मंदिर आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापला होता. 1207 चा त्याविषयीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. गणिताची आवड असलेल्या मुलांना घेऊन जावे असे हे ठिकाण आहे.

छत्रपती संभाजीनगर ते कन्नड हे अंतर सुमारे 60 किलोमीटर असून तेथवर एस.टी.ची सोय आहे. पुढे स्वतःचे वाहन असलेले बरे. रेल्वेने येणाऱ्यांना चाळीसगाव सोयीचे. लेण्यांपाशी खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नये, पाणी व शिदोरी बरोबर न्यावी. उतरण्यास लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढण्यासाठी हाती ठेवून, दिवस कलण्यापूर्वीच वर यावे.