लाकडी ठोकळा, शिंपला आणि अंगण

लहान मुलासाठी टिकाऊ आणि काही शिकवणारे खेळणे निवडायचे म्हटले, की आजचे पालक लाकूड की प्लास्टिक, या प्रश्नापाशी येऊन थांबतात. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याच्यामागे अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यातील सर्वांत धाडसी अध्याय युरोपात नव्हे, तर आपल्याकडे, बोर्डी आणि कोसबाड येथे लिहिला गेला. आजचा धागा त्या प्रवासाचा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

खेळता खेळता शिकवावे, हा विचार युरोपात ठामपणे मांडणाऱ्यांत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक अग्रणी होता. १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात त्याने सुचवले, की फाशांवर अक्षरे चिकटवावीत आणि मुलांना ती फेकू द्यावीत. अभ्यास म्हणून काही लादले जाते आहे, याची मुलांना जाणीवही होता कामा नये.

पुढे १७६०च्या दशकात लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी याने छापील नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमारेषांवरून करवतीने कापला. तुकडे जोडता जोडता भूगोल पाठ व्हावा, ही कल्पना. जग, चार खंड, इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड असे आठ विषय त्याने विक्रीला ठेवले होते. आज ज्याला आपण जिगसॉ म्हणतो, त्याचा हा पूर्वज. १७६९ मध्ये, जेमतेम तिशीत स्पिल्सबरी वारला. त्याची कल्पना मात्र टिकली.

पण ही खेळणी कोणाच्या घरी पोहोचली? महोगनी सागरापलीकडून येणारे महागडे लाकूड, वर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला नकाशा आणि हाताने केलेले कापकाम. राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच असे कापलेले नकाशे वापरत, यावरून ग्राहकवर्गाची कल्पना यावी. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या कादंबरीत गरीब घरातून श्रीमंत नातलगांकडे आलेली फॅनी युरोपचा नकाशा जोडू शकत नाही, म्हणून तिच्या मावसबहिणी तिला हसतात. ज्या मुलीच्या घरी असले खेळणे कधी आलेच नाही, तिला ते जोडता येत नाही म्हणून अडाणी ठरवले जाते. शैक्षणिक खेळण्यांच्या इतिहासातील ही बोच पुढेही गेली नाही.

जर्मनीचा फ्रीडरिख फ्रोबेल याने खेळण्याकडे फार निराळ्या नजरेने पाहिले. तरुणपणी त्याने बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली काम केले होते. स्फटिकांमध्ये दिसणारी भूमितीय शिस्त त्याच्या मनात इतकी रुजली, की पुढे त्याने मुलांसाठी घडवलेली साधने म्हणजे जणू त्याच शिस्तीची बालबोध आवृत्ती झाली. या साधनांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या रंगीत चेंडूंची. दुसरीत लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांत विभागलेला एक मोठा घन. मूल तो मोडते, त्याची खुर्ची करते, पायऱ्या करते आणि पुन्हा अखंड घन रचून पेटीत ठेवते. १८४० साली फ्रोबेलने आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. लाकडी ठोकळ्यांना घाबरलेली राजसत्ता, हे दृश्य इतिहासात वारंवार दिसत नाही.

आता मारिया मॉन्टेसरी. इटलीतील या वैद्यकीय पदवीधर स्त्रीने आरंभी बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मुलांसोबत काम केले. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांसाठी तयार केलेली साधने तिने अभ्यासली आणि सुधारली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत तिने पहिले ‘बालगृह’ उघडले. ही पद्धत आज श्रीमंती शाळांच्या फलकांवर झळकते. तिचा उगम मात्र गरीब वस्तीतला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मॉन्टेसरींच्या साधनांचे मर्म त्यांच्या मापात आहे. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. वृत्तचितींच्या ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा मुठीच्या वृत्तचिती. ज्या ठोकळ्यात जाडी बदलत जाते, त्यात एक जरी चिती मोठ्या खाचेत गेली, तरी शेवटी एक चिती हातात उरते आणि तिला जागा सापडत नाही. चूक शिक्षिका दाखवत नाही, वस्तूच दाखवते. मूल रागावत नाही, लाजत नाही. पुन्हा मांडू लागते.

टिकाऊपणाचा खरा प्रश्न इथे उपस्थित होतो. या साधनात टिकाऊपणा म्हणजे केवळ वस्तू न फुटणे नव्हे. खाच झिजली, लाकूड पावसाळ्यात फुगले किंवा कडा तुटल्या, तर वस्तू शाबूत दिसेल, पण तिचे शिकवणे संपलेले असेल. म्हणून मुरलेले कठीण लाकूड हवे, काटेकोर सुतारकाम हवे आणि साहजिकच मोजायला पैसे हवेत. स्पिल्सबरीच्या महोगनीपासून सुरू झालेली कोंडी पुन्हा तिथेच येऊन ठेपली.

१९३१ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी लंडनमध्ये मॉन्टेसरींना भेटले, तेव्हाच्या भाषणात त्यांनी याच ठिकाणी बोट ठेवले होते. हे शिक्षण केवळ सधनांच्या नव्हे, तर अगदी निर्धनांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. पण तोवर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली सुरू केलेले बालमंदिर नावारूपाला आले होते.

या बालमंदिराकडे ओढल्या गेलेल्यांत एक होत्या ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या कामात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली त्यांनी दादरला ‘शिशुविहार’ सुरू केले. शहरातील बालशिक्षणाचे नाव झाले होते. त्यातच रमून राहणे सोपे होते. त्या रमल्या नाहीत. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या: बालपणी विवाह, लगोलग वैधव्य, आणि त्यानंतर जिद्दीने मिळवलेले शिक्षण.

हे वर्ष नीट लक्षात घ्या. त्याच १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. ज्या घरांत पोटाची भ्रांत होती, तिथले पाच-सहा वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेत असे किंवा गुरांमागे जात असे. त्या मुलाला पेटीबंद, मापातली, परगावाहून आणलेली साधने कोण देणार? दिली, तरी एक चिती हरवल्यावर दुसरी कुठून येणार?

ताराबाई-अनुताईंनी प्रश्नच उलटा केला. न तुटणारी वस्तू शोधण्याऐवजी, तुटली वा हरवली तरी हाताशी लगेच दुसरी मिळेल, अशी वस्तू त्यांनी शोधली. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, बांबू. शिंपले लहान-मोठे लावले की क्रम कळतो. बिया मोजल्या की संख्या. पाने कुरवाळली की खरखरीत आणि मऊ यांतला भेद. मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथेच स्थिरावले.

इथे थोडे रोखठोक बोलायला हवे. या बदलात काहीच गमावले नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शिंपल्यांची रांग चुकली, तर शिंपला ते सांगत नाही, वृत्तचिती सांगते. स्वतःची चूक स्वतः शोधण्याची ती शांत सोय निसर्गातल्या वस्तूंत आपोआप येत नाही. तिची भरपाई शिक्षिकेच्या नजरेने करावी लागते, म्हणून कोसबाडला साधनांइतकाच बालसेविकांच्या प्रशिक्षणावर भर राहिला. माझ्या मते या दोघींच्या कामातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग तोच आहे. स्वस्त साधन निवडले, की खर्च संपत नाही. तो लाकडावरून माणसावर सरकतो. नंतर ज्यांनी शिंपले उचलले आणि प्रशिक्षण मागेच ठेवले, त्यांच्या हाती नुसती पोतडी उरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव देशभर ‘अंगणवाडी’ असेच रूढ झाले. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या होत्या. योगायोग असा, की ३१ ऑगस्ट ही मारिया मॉन्टेसरींची जन्मतारीख. अनुताई कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, करत राहिल्या.

लाकडाचा धागा अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊ: तिथली लाखेच्या रंगाची लाकडी फळे आणि ती घडवणारे हात.