आकाशाची खबर

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांचा इतिहास बहुतेकदा विमानांची संख्या आणि बॉम्बची टनावारी यांतून सांगितला जातो. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना त्याच्या हाती मी आधी दोन प्रश्न देईन. लक्ष्यावरचे आकाश कसे होते? आणि सोबतची लढाऊ विमाने कुठवर जाऊ शकत होती? कित्येकांचे जगणे-मरणे या दोन गोष्टींवर ठरले.

14 ऑक्टोबर 1943 रोजी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर हल्ला केला. इंधन पुरणार नसल्याने सोबतची थंडरबोल्ट विमाने आखेनच्या आसपासून मागे फिरली. पुढचा रस्ता बॉम्बफेकी विमानांनी एकट्यानेच कापला. 60 फ्लाइंग फोर्ट्रेस विमाने गमावली गेली. एकेका विमानात साधारण दहा माणसे होती. त्याच डिसेंबरात मस्टँग विमाने संरक्षणाला येऊ लागली. पंखाखालच्या जादा टाक्यांतले इंधन आधी वापरायचे, शत्रू दिसला की टाक्या सोडून द्यायच्या आणि भिडायचे, अशी त्यांची रीत होती. 1944च्या मार्चमध्ये ती बर्लिनपर्यंत सोबत करत होती.

श्वाइनफुर्टच्या हल्ल्यात आघाडी सांभाळणारे कर्नल बड पीझली यांनी 1944मध्ये दुसऱ्या प्रश्नाइतकाच पहिलाही मनावर घेतला. इंग्लंडहून निघताना मिळालेला हवामानाचा अंदाज लक्ष्य गाठेपर्यंत शिळा होई. म्हणून बॉम्बफेकी विमाने चालवलेल्या अनुभवी वैमानिकांना मस्टँगमध्ये बसवून ताफ्याच्या पुढे धाडायचे, अशी योजना त्यांनी आखली. कुठल्या ढगातून वाट काढता येईल, कुठल्या धुरक्यातून नेम धरता येणार नाही, एवढ्या मोठ्या ताफ्याला वळायला किती आधी सूचना हवी, हे या वैमानिकांना स्वानुभवाने ठाऊक होते. पाहिलेले ते रेडिओवरून थेट ताफ्याच्या नायकाला कळवत.

अशा खबरीची दुसरी बाजूही अभ्यासकाने टाळू नये. 6 ऑगस्ट 1945च्या सकाळी ‘स्ट्रेट फ्लश’ हे हवामान पाहणारे विमान हिरोशिमावर आले. भोंगे वाजले, विमान निघून गेल्यावर 7 वाजून 31 मिनिटांनी इशारा मागे घेण्यात आला. लोक कामाला लागले. आकाश बरेचसे मोकळे आहे, ही खबर तोवर अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या विमानाकडे रवाना झाली होती. 8 वाजून 15 मिनिटांनी अणुबॉम्ब पडला. तीन दिवसांनी दुसऱ्या अणुबॉम्बचे लक्ष्य ठरलेल्या कोकुरावर धुरके होते. तीन फेऱ्या मारूनही लक्ष्य दिसेना, तेव्हा तो बॉम्ब वाहणारे विमान नागासाकीकडे वळले.

म्हणून हवामानाची नोंद हा या इतिहासाचा तळटिपेत ढकलण्याचा भाग नव्हे. वाचकहो, मोहिमेचा अहवाल उघडाल तेव्हा तारखेसोबत त्या दिवशीचे ढग वाचा, सोबतीच्या विमानांचा पल्ला नकाशावर आखा, आणि त्या नकाशाखाली राहणाऱ्या माणसांचीही मोजदाद ठेवा. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही.