इंजिन बांधण्याची रीत

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोहाडी हे गाव बाहेरच्या लोकांस चौंडेश्वरी देवीमुळे आणि आसपासच्या कोशाच्या विणकामामुळे परिचित असले, तरी या टापूच्या अर्वाचीन जीवनात धान आणि मँगनीज यांच्या वाहतुकीने जे स्थान मिळवले, ते डिझेलच्या इंजिनाखेरीज त्यांस कदापि मिळाले नसते. लाखांनी किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन खोलून पुन्हा बांधावे की ते काढून दुसरे बसवावे, हा जो प्रश्न आज येथील कोणाही गाडीमालकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो, तो वस्तुतः फार जुना नाही. कारण दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्याचे एकच उत्तर संभवत होते.

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन जर्मनीत आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी रीतीने चालले. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर यांनी आणि पुढे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ते घडवले, आणि वीज पोहोचण्यापूर्वीच्या खेड्यांत विहिरीवरचा पंप व धान भरडण्याची गिरणी यांच्या रूपाने ते शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. अवजड, संथ आणि बहुधा एका सिलिंडरचे असे हे यंत्र मुळात उघडण्यासाठीच रचलेले असे: आतील लाइनर झिजला की तो काढावा, नवा ठोकावा, पिस्टनवर नव्या रिंगा चढवाव्या, आणि पुढच्या हंगामास यंत्र पुनश्च उभे करावे. चौथऱ्यावर बोल्टांनी जखडलेले ते धूड कोणी उपटून फेकून देईल, ही कल्पनाच त्या काळी कोणास सुचण्यासारखी नव्हती.

१९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपुरास मालमोटारी बनवण्यास आरंभ केला, तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात मोडत होता आणि मालगुजारी नुकतीच संपुष्टात आली होती. पुढे तुमसरच्या बाजारातील तांदूळ आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींचे मँगनीज वाहण्यास मालमोटारी आल्या, आणि त्यांच्यामागून त्या दुरुस्त करणारा मिस्त्रीही रस्त्याकाठी स्थायिक झाला. परवाने, आयातबंदी आणि सुट्या भागांची टंचाई यांच्या त्या जमान्यात नवे इंजिन मागवणे हे ऐपतीपेक्षाही अर्जविनंत्यांचे काम होते. इंजिन पुन्हा पुन्हा बांधण्याच्या ज्या काटकसरीचे आपण आज कौतुकाने गुण गातो, ती माझ्या मते मिस्त्रीच्या स्वभावापेक्षा सरकारी कोट्याची आणि जर्मन अभियंत्याच्या आराखड्याची अधिक देणगी होती. मिस्त्रीने तिला कौशल्याचे रूप दिले, हे मात्र निर्विवाद.

इंजिन बदलण्याची रीत आली ती झिजेमुळे नव्हे, तर इंधनाच्या दरामुळे. १९७३ नंतर पेट्रोल महागले, आणि डिझेलचा दर सरकारने दीर्घकाळ खाली धरून ठेवला. परिणामी पेट्रोलवरच्या जीप आणि अँबेसडर गाड्यांतून मूळ इंजिने, पुष्कळदा ती धडधाकट असतानाही, काढून त्यांच्या जागी डिझेलची बसवण्याचा धंदाच देशभर सुरू झाला. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अँबेसडर स्वतःच डिझेलचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन आली. विदर्भातील काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपा, ज्यांत माणसे आत बसत तितकीच मागे लटकत, त्या या स्वस्त डिझेलचीच अपत्ये होत. परंतु इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असल्यामुळे इंजिन बदलताच सरकारही त्या व्यवहारात पक्षकार होई: विक्रीची पावती, जुन्या गाडीचे कागद, निरीक्षकाची तपासणी आणि दप्तरी नोंद, एवढे सोपस्कार पार पडल्यावाचून दुसरे इंजिन कितीही उत्तम चालले तरी कायद्याच्या दृष्टीने ते चोरीच्या मालाहून फारसे निराळे नसे.

निर्णय करण्याची मिस्त्रीची पद्धत मात्र या साऱ्या स्थित्यंतरांतून अबाधित राहिली आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा आपल्या आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबली गेल्याने जी उष्णता उत्पन्न होते तिनेच इंधन पेट घेते, म्हणून सिलिंडर झिजल्याची पहिली तक्रार पौषातल्या गार पहाटे, गाडी धक्क्यावाचून सुरू होईनाशी झाली की ऐकू येते. मग चालत्या इंजिनावर ऑइल ओतण्याच्या तोंडाचे झाकण काढून पाहतात, आणि तेथून धूर भकभक करीत वर आला, म्हणजे कॉम्प्रेशन रिंगांना चुकवून खाली उतरते आहे हे समजते. हेड उतरवल्यावर मिस्त्री सिलिंडरच्या वरच्या कडेखाली अंगठ्याचे नख फिरवतो: रिंगा जेथवर पोहोचत नाहीत तेथली भिंत मूळच्या मापाची राहिलेली असते, आणि त्याखालची झिजलेली असल्यास दोहोंच्या सीमेवर एक धार तयार होते, नख तेथे अडकले, तर केवळ रिंगा बदलून काम भागणार नाही. पुढचे काम लेथवाल्याचे. तो बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मोजतो, कारण पिस्टनचा रेटा ज्या अंगास असतो त्या अंगास सिलिंडर लंबगोल होतो. बोअर दहा थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवावा, पुढच्या खेपेस वीस, मग तीस, मग चाळीस. त्यापुढे स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे. क्रँक घासण्यालाही अशीच मर्यादा आहे, पण त्याला स्लीव्ह नाही, आणि म्हणून चाळीसपर्यंत घासलेला क्रँक पुन्हा ओरखडलेला निघाला, की जुने इंजिन बांधण्याचा हट्ट जाणता मिस्त्री सहसा सोडून देतो.

१९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाने डिझेल मध्यमवर्गाच्या दारात आणले, तेव्हाही बांधावे की बदलावे याचे हे गणित टिकून होते. ते बिघडले ते कॉमन रेलच्या आगमनाने. मारुतीच्या २००७ च्या डिझेल स्विफ्टमधील १२४८ घन सेंटिमीटरच्या इंजिनात या पद्धतीने इंधन अतिशय मोठ्या दाबाने फवारले जाते, आणि अशा इंजिनाचे इंजेक्टर, पंप व टर्बो एकाच वेळी थकले असता त्यांचा खर्च बोअर-पिस्टनच्या खर्चास सहज मागे टाकतो. शिवाय हे भाग गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचे असल्याने गाडी भंडाऱ्यास वा नागपुरास न्यावी लागते. त्यातच २०१४ साली डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, आणि मारुतीने तर डिझेल मोटारीच बंद केल्या.

यामुळे आज मोहाडीतल्या मालकाने आधी इंजिनाचे झाकण नव्हे, नोंदणीपुस्तक उघडावे, असे माझे मत आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. गाडीची चौदा वर्षे भरली असून क्रँक शाबूत असेल, तर क्रँकला हात न लावता रिंगा, हेड आणि व्हॉल्व्ह यांचे ‘हाफ इंजिन’ पुरे. सात-आठ वर्षांची गाडी असेल, तर बोअर करून सगळे बांधून घेणे परवडते. आणि दुसरे इंजिन घ्यायचेच झाले, तर ज्याचा पूर्वेतिहास कोणासच ठाऊक नाही असे इंजिन स्वस्त म्हणून उचलण्यापेक्षा, अपघातात मोडलेल्या, पण कागद साफ असलेल्या गाडीचे थोडे महाग इंजिन घ्यावे, आणि पैसे मोजण्यापूर्वी त्याच्या ब्लॉकवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावा.