फेरीवाल्याची राशेल

वाचकहो, अशी नायिका मी एखाद्या कादंबरीत रंगवली असती, तर आमच्या शाळेतली मास्तरमंडळी खो-खो हसली असती. रस्त्यावर गाऊन पैसे गोळा करणारी पोर सतराव्या वर्षी फ्रान्सच्या पहिल्या रंगभूमीवर! पण राशेल फेलिक्स ही माझी कल्पना नव्हे.

तिचा जन्म १८२१ साली स्वित्झर्लंडमधील मुम्फ गावच्या एका खाणावळीत झाला. बाप ज्यू फेरीवाला. पुढे गाठोडे आणि मागे बायकापोरे, असा फिरता संसार. लियों शहरात राशेल आणि थोरली बहीण सारा रस्तोरस्ती गात. पुढे बिऱ्हाड पॅरिसला आले, तिथे संगीतशिक्षक शोरों यांनी तिला हेरले. शाळा अशी तिला लाभलीच नाही. मोठेपणीची तिची पत्रे अशुद्धलेखनाने भरलेली आहेत. माझ्या हाती पडती, तर तांबड्या शाईची दौत रिकामी झाली असती!

१२ जून १८३८ रोजी ती ‘कोमेदी फ्रान्सेझ’मध्ये कोर्नेयच्या ‘ओरास’ नाटकात कामीय म्हणून उभी राहिली. ऐन उन्हाळा, प्रेक्षागृह ओस. जुन्या पद्यमय शोकांतिका तेव्हा शिळ्या ठरल्या होत्या. तरुण मंडळींना ह्यूगोचे वेड लागले होते. कामीयचा भाऊ तिच्या वाग्दत्त वराला मारून विजयाच्या तोऱ्यात परत येतो, आणि ती त्याच्या तोंडावर रोमलाच शाप देते. असा प्रवेश मिळाला की नटीने गळा काढायचा, ही जुनी रीत. राशेलने काढला नाही. कृश देह, खोल आवाज, मोजके हातवारे. ज्यूल जानँ या टीकाकाराने वर्तमानपत्रातून तिची थोरवी गायली, आणि काही शे फ्रँकांवर अडलेले उत्पन्न शरद ऋतूत सहा हजारांवर गेले.

१८४३ च्या जानेवारीत तिने रासीनची ‘फेद्र’ केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले, हे जाता जाता सांगतो. आमची सीता अर्थात पुरुषच!

लंडनला व्हिक्टोरिया राणीने तिला कडे बक्षीस दिले. लग्नावाचून तिला दोन मुलगे झाले. घर मात्र तिच्याच जिवावर चाले. भावंडे तिच्याच आधाराने रंगभूमीवर आली. त्यांतली रेबेका १८५४ साली क्षयाने गेली. तरी १८५५ साली भाऊ राफाएलने अमेरिकेचा दौरा आखला. तिथल्या प्रेक्षकांना फ्रेंच कळेना. ते हातातल्या छापील भाषांतराची पाने उलटीत बसत. डिसेंबरात चार्ल्स्टनला ती रंगमंचावर आली, ती शेवटचीच. क्षयाने तिलाही धरले होते.

३ जानेवारी १८५८ रोजी दक्षिण फ्रान्समधील ल काने गावी ती गेली. वय अवघे छत्तीस. साराने मृत्युशय्येवरचे छायाचित्र घरच्यापुरते काढवून घेतले होते. पण एका चित्रकर्त्रीने तसेच रेखाटन केले आणि त्याच्या प्रती दुकानात विक्रीला आल्या! सारा न्यायालयात गेली. १६ जून १८५८ रोजी पॅरिसमध्ये निकाल लागला: माणूस कितीही नामांकित असो, कुटुंबाच्या स्पष्ट संमतीवाचून मरणशय्येवरचा त्याचा चेहरा कुणालाही लोकांपुढे मांडता येणार नाही. रेखाटन आणि प्रती जप्त झाल्या. खासगी आयुष्याच्या हक्काचा इतिहास सांगताना कायदेपंडित आजही या खटल्याचा दाखला देतात.

खरे सांगायचे, तर या लेखासोबत छापायला तेच चित्र मी शोधीत होतो. निकाल वाचला आणि शोध थांबवला. संपादकांना तिचे फेद्रच्या वेशातले चित्र पाठवले आहे.