विद्येच्या वेशी

एकाच संशोधकाच्या लेखसूचीत माशांच्या शरीरव्यापाराचे निबंध आणि विजेच्या बॅटरीचे निबंध शेजारी शेजारी दिसले, तर प्रथम प्रश्न येतो : याचे खरे काम कोणते? दोन्हींकडे हात घालणाऱ्याचा पाय कोठेच स्थिर नसावा, अशी शंका त्यामागे असते. ती कितपत रास्त आहे, याचा विचार आम्ही पालमच्या श्रोत्यांपुढे मांडू इच्छितो.

मासा आणि बॅटरी यांची सोयरीक जुनी आहे. टॉर्पेडो हा सागरी मासा शिवताच झटका देतो. जॉन हंटर या शस्त्रवैद्याने 1773 साली त्याच्या विद्युत्-इंद्रियाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पातळ चकत्यांच्या उतरंडी आढळल्या. पुढे 1800 साली व्होल्टाने चांदी व जस्ताच्या चकत्या, मध्ये खारट पाण्याने भिजविलेला पुठ्ठा घालून, एकावर एक रचल्या. या पहिल्या बॅटरीची तुलना त्याने स्वतःच त्या माशाच्या इंद्रियाशी केली.

आता घरचे उदाहरण घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले. ते गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविले, पुढे 1945 ते 1962 मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. परंतु त्यांच्या लेखसूचीत गणिताबरोबर आनुवंशिकी आहे, 1948 साली संपादिलेली भर्तृहरीची सुभाषिते आहेत आणि 1956 चा भारतीय इतिहासावरील ग्रंथही आहे.

हे सांधले कसे? प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते. कोसंबींनी ती तराजूत घातली. हातोहाती फिरताना नाणे झिजते. जितके अधिक फिरले, तितके सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढते. मागील बाजूच्या बारीक खुणा वाढतात तसे वजन उतरते, हे त्यांस दिसले. त्यावरून नाण्यांचा आगेमागे क्रम लावता आला. बाजारात घासलेला पैसा इतिहासाचा साक्षीदार झाला, तो गणितामुळे.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाची उकल त्यांनी 1959 साली कृषिसांख्यिकीच्या नियतकालिकात मांडली. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. नवल असे की, ही चूक परक्या प्रांतातली नव्हे, स्वतःच्या गणितातलीच. ती छापली गेली त्या दारी तिची कसून झडती घेणारे त्या विषयाचे जाणकार नव्हते.

तेव्हा किती विषयांत लिहिले, ही कसोटी नव्हे. ज्या विषयाच्या वेशीतून आत गेलो, तेथल्या मापाने आपला माल मोजून दिला काय, हीच कसोटी होय. नाण्यांच्या बाबतीत कोसंबींनी तो अक्षरशः मोजून दिला. आपली मुले दोन विद्यांकडे ओढ घेतील, तेव्हा त्यांना अडवू नये. दोन्हीकडचा तराजू मात्र त्यांच्या हाती द्यावा.