व्यापारी माहितीसेवेच्या अटी
व्यापारी माहितीसेवेच्या अटी : व्यापारी पेढ्या, उद्योगसंस्था, त्यांची पत व बाजारभाव यांविषयीची माहिती मोबदला घेऊन पुरविणारी संस्था आणि तिचा ग्राहक यांच्यातील संबंध ज्या करारकलमांनी ठरतात, त्यांस व्यापारी माहितीसेवेच्या अटी असे म्हणतात. माहितीसंकेतस्थळांवर ‘वापराच्या अटी’ या शीर्षकाखाली आढळणारी ही कलमे संगणकयुगाची निर्मिती वाटत असली, तरी त्यांचा गाभा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमधील एका पतचौकशी पेढीत आकारास आला. या अटी मुख्यतः तीन होत : ग्राहकाने माहिती केवळ स्वतःच्या व्यवहारापुरती वापरावी व गुप्त ठेवावी, माहितीच्या अचूकतेची हमी संस्था देत नाही, आणि माहितीसंग्रहावरील हक्क संस्थेकडेच राहतो. या करारात दोनच पक्ष असतात. ज्याच्याविषयी माहिती दिली जाते, तो तिसरा मनुष्य कराराबाहेर राहतो. परंतु चुकीच्या माहितीचा पहिला आघात बहुधा त्याच्यावरच होतो. त्यामुळे या अटींचा इतिहास बऱ्याच अंशी न्यायालयांतील झगड्यांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : व्यापारी माहितीचे छापील साहित्य यूरोपात फार पूर्वीपासून उपलब्ध होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ॲम्स्टरडॅममध्ये बाजारभावांची पत्रके निघत. लंडनमध्ये ‘लॉइड्स लिस्ट’ हे जहाजांच्या ये-जा व अपघातांची वार्ता देणारे पत्र १७३४ पासून नियमित प्रसिद्ध होऊ लागले. सागरी विमा उतरविणाऱ्यांनी १७६० नंतरच्या दशकात जहाजांच्या सुस्थितीची प्रतवारी देणारी नोंदणीपुस्तके छापविली. ती केवळ वर्गणीदार सभासदांच्या उपयोगासाठी होती. माहितीचे मूल्य ती किती जणांस ठाऊक आहे यावर अवलंबून असते, हे तत्त्व येथे मान्य झालेले दिसते. तथापि ही माहिती मालाची, भावाची वा जहाजाची होती. व्यक्तीच्या पतीची नव्हती.

व्यक्तीच्या पतीची चौकशी खाजगी रीतीने होई. भारतात सराफी पेढ्या ⇨हुंडी स्वीकारण्यापूर्वी परगावच्या आडत्यांकडून व गुमास्त्यांच्या पत्रांवरून समोरच्याची पत अजमावीत. अशा चौकशीस लेखी अटी नसत. खोटी खबर देणाऱ्याचे नाव बाजारातून उठे, हीच त्यास शिक्षा असे. जेथे व्यापारी परस्परांस नात्याने, जातीने वा पिढीजात व्यवहाराने ओळखत, तेथे ही पद्धती पुरेशी होती. अपरिचितांशी उधारीचा व्यापार वाढल्यावर ती अपुरी पडली.

मर्कंटाइल एजन्सी : अमेरिकेत १८३७ मध्ये आलेल्या आर्थिक अरिष्टात असंख्य पेढ्या बुडाल्या. न्यूयॉर्कमधील रेशमाची एक मोठी पेढीही त्या वेळी देणी भागवू शकली नाही. या पेढीतील एक भागीदार व गुलामगिरीविरोधी चळवळीतील कार्यकर्ते लूइस टॅपन (१७८८–१८७३) यांनी दूरच्या गावांतील दुकानदारांना उधार माल देण्यातील धोका जवळून अनुभवला होता. त्यांनी १८४१ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावचे वकील हे तिचे वार्ताहर होते. त्यांना रोख मेहनताना मिळत नसे; वर्गणीदारांची थकलेली येणी वसूल करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले जाई. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन यांनीही वकिली करीत असताना असे वार्तापत्र पाठविल्याची नोंद आहे. दुकानदाराचे भांडवल, स्थावर मिळकत, वय, सवयी, दारूचे व्यसन, कौटुंबिक स्थिती असा सर्व तपशील कार्यालयातील मोठ्या खतावण्यांत उतरवून घेतला जाई. १८९० पर्यंतच्या अशा अडीच हजारांहून अधिक खतावण्या आज हार्व्हर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत.

या माहितीच्या वापराची रीत ठरलेली होती. वर्गणीदाराने स्वतः वा त्याच्या विश्वासू कारकुनाने कार्यालयात यावे, नाव सांगावे आणि एजन्सीच्या कारकुनाने खतावणीतून वाचून दाखविलेला मजकूर ऐकून जावे. नक्कल मिळत नसे. ऐकलेली गोष्ट इतरांस, विशेषतः ज्याच्याविषयी ती आहे त्यास, सांगण्यास मनाई होती. वार्ताहराचे नाव कोणासही कळविले जात नसे. गुप्ततेचे कलम प्रतिष्ठेपोटी आलेले नव्हते. ते नसते, तर एका वर्गणीच्या जोरावर साऱ्या बाजाराने माहिती फुकट घेतली असती आणि वार्ताहरांवर खटले भरले गेले असते.

सिनसिनॅटी येथे १८४९ मध्ये जॉन ब्रॅडस्ट्रीट यांनी प्रतिस्पर्धी संस्था काढली व पुढे ती न्यूयॉर्कला हलविली. तिने १८५७ मध्ये पतदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५९ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम डन यांच्या हाती आलेल्या मर्कंटाइल एजन्सीनेही त्याच वर्षी आपले निर्देशपुस्तक काढले. यांत प्रत्येक पेढीपुढे भांडवल व पत दर्शविणारी सांकेतिक चिन्हे असत. ही पुस्तके विकली जात नसत, तर मुदतीपुरती वापरावयास दिली जात. आज संगणकीय माहिती ‘विकत’ न देता तिच्या वापराचा ‘परवाना’ देण्याची जी पद्धती आहे, तिचे मूळ या व्यवस्थेत आढळते. या दोन संस्था १९३३ मध्ये एकत्र आल्या आणि १९३९ पासून ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ हे नाव रूढ झाले.

न्यायालयीन कसोटी : ओहायओ राज्यातील नॉर्वॉक गावच्या जॉन बिअर्ड्‌स्ली या व्यापाऱ्याविषयी एजन्सीच्या खतावणीत अशी नोंद झाली, की त्याची पत्नी घटस्फोट मागण्याच्या बेतात असून मिळकत अडकण्याचा संभव आहे. न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्याची उधारी बंद केली. त्याने १८४८ मध्ये टॅपन यांच्याविरुद्ध अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८५१ मध्ये सुनावणीच्या वेळी एजन्सीचे तत्कालीन चालक बेंजामिन डग्लस यांनी वार्ताहराचे नाव सांगण्यास नकार दिला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल कारावास पतकरला. ज्यूरीने १०,००० डॉलर भरपाई ठरविली. खाजगीत दिलेल्या माहितीस कायद्याचे संरक्षण असते, हा एजन्सीचा बचाव मान्य झाला नाही. कारण ती माहिती एजन्सीच्या कारकुनांनाही कळलेली होती. अखेर १८७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याविषयीच्या कारणावरून हा निर्णय फिरविला. तोपर्यंत दाव्यास बावीस वर्षे लोटली होती.

दरम्यान न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दोन निर्णयांत सीमारेषा आखली. १८६८ च्या निर्णयानुसार, ज्याला त्या व्यवहारात हितसंबंध आहे अशा वर्गणीदाराने विचारल्यावर सद्‌भावनेने दिलेली माहिती संरक्षित ठरली. परंतु १८७१ च्या निर्णयानुसार, हितसंबंध असो वा नसो, सर्व वर्गणीदारांस छापील पत्रकाने पाठविलेली माहिती तशी ठरली नाही. या भेदामुळे ‘केवळ स्वतःच्या व्यवहारापुरता उपयोग’ ही अट संस्थेच्या नफ्याइतकीच तिच्या बचावासाठीही आवश्यक झाली.

ब्रिटिश कायद्याने अधिक कठोर भूमिका घेतली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्ये असे ठरविले, की नफ्यासाठी लोकांच्या पतीची माहिती विकणाऱ्या पेढीस हे संरक्षण मिळू शकत नाही. व्यापाऱ्यांनी परस्परांच्या रक्षणासाठी चालविलेल्या संघास मात्र १९१६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते दिले.

चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकाचेच नुकसान झाले, तर काय, हा प्रश्न हेडली बर्न विरुद्ध हेलर या खटल्यात निर्णायक रीतीने पुढे आला. हेडली बर्न या जाहिरातसंस्थेने १९५८ मध्ये आपल्या एका अशिलाच्या पतीविषयी बँकेमार्फत विचारणा केली. अशिलाच्या बँकेने अनुकूल अभिप्राय दिला. मात्र तो ‘जबाबदारी न घेता’ दिला असल्याचे नमूद केले. अशील बुडाला व जाहिरातसंस्थेस सु. १७,००० पौंडांचा तोटा झाला. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९६३ मध्ये निर्णय दिला, की करार नसतानाही हयगयीने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणारा जबाबदार ठरू शकतो. तथापि येथे जबाबदारी आधीच नाकारलेली असल्याने दावा टिकत नाही. एकाच निर्णयाने जबाबदारीचे तत्त्व आणि ती टाळण्याचा मार्ग असे दोन्ही प्रस्थापित झाले. त्यानंतर जबाबदारी नाकारणारे कलम माहितीसेवेच्या करारात अपरिहार्य झाले.

असे कलम ग्राहकास बांधते, तिऱ्हाइतास नव्हे. हे १९८५ च्या ग्रीनमॉस बिल्डर्स खटल्यात स्पष्ट झाले. व्हरमाँट राज्यातील या बांधकाम कंपनीने दिवाळे काढल्याची चुकीची माहिती जुलै १९७६ मध्ये डन अँड ब्रॅडस्ट्रीटने पाच वर्गणीदारांस कळविली होती. प्रत्यक्षात दिवाळे कंपनीच्या एका माजी नोकराचे होते. न्यायालयीन कागद चाळण्यासाठी नेमलेल्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून ही गफलत झाली होती. दुरुस्तीपत्र निघाले, पण ते पाच वर्गणीदार कोण, हे गुप्ततेच्या अटीमुळे कंपनीस सांगण्यात आले नाही. ज्यूरीने ५०,००० डॉलर भरपाई व ३,००,००० डॉलर दंडात्मक भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मोजक्या वर्गणीदारांस गुप्तपणे दिलेला पतविषयक अहवाल सार्वजनिक महत्त्वाच्या भाषणास मिळणाऱ्या विशेष संरक्षणास पात्र नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

माहितीवरील हक्क : तारायंत्रामुळे बाजारभाव क्षणात दूरवर पोहोचू लागले व त्याबरोबर त्यांची चोरीही सोपी झाली. लंडनच्या रोखेबाजारातील भाव यंत्राद्वारे वर्गणीदारांना पुरविणाऱ्या एक्स्चेंज टेलिग्राफ कंपनीने, एका वर्गणीदारास फितवून भाव मिळविणाऱ्या दलालाविरुद्ध १८९६ मध्ये मनाईहुकूम मिळविला. शिकागोच्या धान्यबाजारानेही १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून असेच संरक्षण मिळविले. भाव मोजक्यांना करारपूर्वक कळविल्याने तो सार्वजनिक होत नाही, हे तत्त्व यातून दृढ झाले.

अमेरिकेत डायलॉग ही दूरसंचारमार्गाने माहिती शोधून देणारी सेवा १९७२ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. रॉयटर या वृत्तसंस्थेने १९७३ मध्ये चलनांचे दर पडद्यावर दाखविणारी सेवा काढली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-निर्देशिकेविषयीच्या एका खटल्यात वस्तुस्थितीवर ⇨कॉपीराइट असू शकत नाही व केवळ संकलनाच्या श्रमांनी तो निर्माण होत नाही, असे ठरविले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये केवळ श्रम व भांडवल हा निकष नाकारला. यूरोपीय संघाने १९९६ मध्ये माहितीसंग्रहास स्वतंत्र हक्क दिला. असा हक्क जेथे नव्हता, तेथे कराराचे महत्त्व वाढले. तीन हजारांवर निर्देशिकांतून संकलित केलेल्या माहितीच्या तबकडीवरील वापराच्या अटी ग्राहकावर बंधनकारक आहेत, असे अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९९६ मध्ये ठरविले. मात्र पानाच्या तळाशी, सहज नजरेस न पडणाऱ्या जागी ठेवलेल्या अटींना वापरणाऱ्याने संमती दिली असे मानता येत नाही, असा दुसरा महत्त्वाचा निर्णय २००२ मध्ये झाला. ‘मान्य आहे’ या खुणेवर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाऊ न देण्याची पद्धती त्यामुळे अधिक सुरक्षित ठरली.

भारतातील स्थिती : मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ हे पत्र १८३८ मध्ये निघाले आणि कापसाच्या व्यापारामुळे रॉयटरने १८६६ मध्ये तेथे आपला प्रतिनिधी नेमला. ‘इंडियन ट्रेड जर्नल’ हे सरकारी नियतकालिक १९०६ पासून निघू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतच १९७६ मध्ये ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ ही संस्था स्थापन झाली. कंपन्यांनी सरकारदरबारी दाखल केलेले कागद २००६ पासून संगणकीय पद्धतीने शुल्क भरून पाहता येऊ लागले.

अशा सेवांच्या अटींस भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. करार केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला म्हणून तो अग्राह्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील २००८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दुर्बल पक्षावर लादलेली अवाजवी कलमे रद्दबातल ठरविली. परंतु दोन्ही पक्ष व्यापारी असता व व्यवहार व्यापारी असता हे तत्त्व लागू होणार नाही, असेही म्हटले. त्यामुळे माहितीसेवा घेणाऱ्या व्यापाऱ्याने अटी वाचल्या नसल्या, तरी त्या त्याला सामान्यतः बांधतात. अब्रूनुकसानीबाबत, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्‌भावनेने केलेले कथन अपराध ठरत नाही, हा भारतीय दंड संहितेतील (१८६०) अपवाद भारतीय न्याय संहितेतही (२०२३) कायम आहे.

तिसऱ्या पक्षास हक्क देण्याची सुरुवात कर्जविषयक माहितीपासून झाली. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने व्यक्तीस स्वतःविषयीचा अहवाल पाहण्याचा व त्यातील चुकीस हरकत घेण्याचा हक्क दिला. व्यापारी संस्थांवरील अहवाल त्याच्या कक्षेबाहेर राहिले. भारतात २००५ च्या कर्जविषयक माहिती कंपन्यांच्या अधिनियमाने कर्जदारास आपली नोंद मागण्याचा हक्क दिला व दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदत घातली. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या नियमानुसार ही मुदत टळल्यास तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई देय आहे. बिअर्ड्‌स्लीला आपल्या नावावरील नोंद पाहण्यासाठीही दावा लावावा लागला होता. कर्जाच्या नोंदींपुरता तो प्रसंग आता टळला आहे. इतर व्यापारी माहितीच्या बाबतीत मात्र ज्याच्याविषयी ती असते, तो अजूनही बव्हंशी कराराबाहेरच उभा आहे.