ट्रॅक्टरचलित विंच : ओंडके ओढण्याचे यंत्र कसे काम करते?

बांधावरची किंवा उताराच्या शेतातली नीलगिरी, सुरू, बाभूळ, साग तोडून झाली की खरा प्रश्न उरतो तो ओंडके रस्त्यापर्यंत आणण्याचा. बहुतेक जण ट्रॅक्टर ओंडक्याजवळ नेतात, साखळी बांधतात आणि पुढे ओढतात. सपाट, कोरड्या जमिनीत हे निभते. मात्र साखळी टॉप लिंकला किंवा मागच्या अ‍ॅक्सलला बांधलेली असेल आणि ओंडका एखाद्या खुंटात अडकला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर एक-दोन सेकंदांत चालकावर उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. विंचमध्ये हा क्रम उलटा असतो. ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो, ओंडका त्याच्याकडे येतो.

ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, नॉर्वे, फिनलंड या देशांत अनेक शेतकऱ्यांचे स्वतःचे लहान जंगल असते. तिथे हे अवजार नांगराइतकेच नेहमीचे आहे.

रचना आणि काम

विंच ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजला बसवतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. साखळी किंवा गिअरमधून हा वेग कमी होऊन क्लचमार्गे ड्रमला मिळतो आणि वेग कमी झाला तशी ओढ वाढते. साध्या यांत्रिक विंचला दोन दोऱ्या असतात. पहिली ओढून धरली तोवरच ड्रम फिरतो. हात सुटला की क्लच सुटतो आणि ब्रेक ड्रमला धरून ठेवतो. दुसऱ्या दोरीने ब्रेक मोकळा होतो, मग वायर रोप हाताने खेचत ओंडक्यापर्यंत न्यायचा. ओंडक्याला साखळीचा फास घालून ती वायर रोपच्या सरकत्या हुकात अडकवतात. असे दोन-तीन ओंडके एका वेळी ओढता येतात.

विंचच्या तळाशी असलेले रुंद लोखंडी पाते अनेकांना फक्त टेकू वाटते. पण सगळा भार तेच घेते. आपल्याकडच्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण २ टनांच्या आसपास असते आणि विंचची ओढ ३ ते ४ टन असू शकते. निव्वळ चाकांच्या आणि हँडब्रेकच्या जोरावर ट्रॅक्टर जागेवर राहणार नाही. म्हणून गिअर न्यूट्रल ठेवून, हँडब्रेक ओढून, पाते पूर्ण खाली टेकवावे. ओढ वाढेल तसे ते मातीत रुतते. कातळावर ते रुतत नाही, घसरते. ट्रॅक्टर मागे सरकू लागला किंवा पुढची चाके हलकी झाली तर दोरी लगेच सोडावी. वायर रोप ट्रॅक्टरच्या सरळ मागे असावा. आडव्या ओढीने ट्रॅक्टर कुशीवर पडतो.

किती टनांची विंच घ्यावी?

नीलगिरीचा सरासरी ३० सेंमी व्यासाचा, ६ मीटर लांबीचा ओंडका सुमारे ०.४२ घनमीटर भरतो. ओले लाकूड घनमीटरला साधारण १ टन धरले तर वजन ४२० किलो. जमिनीवरून घासत ओढायला वजनाच्या निम्म्यापासून जवळपास पूर्ण वजनाइतकी ओढ लागते. २० अंशांच्या चढावर वजनाच्या आणखी एक तृतीयांश. म्हणजे एका ओंडक्याला अर्ध्या टनाच्या मागेपुढे. मग ३ टनांची विंच कशाला? कारण ओंडके एकाहून जास्त असतात, ते खुंटात अडकतात, आणि पुस्तिकेतला आकडा बहुधा रिकाम्या ड्रमचा असतो. वायर रोपचे थर चढले की ड्रमचा व्यास वाढतो. व्यास दुप्पट झाला तर ओढ निम्मी आणि वेग दुप्पट. तरीही मोठी विंच घेण्याचा मोह टाळावा. ट्रॅक्टरला न पेलणारी ओढ निरुपयोगी आणि धोकादायक असते. एक-दोन एकर झाडे असलेल्या शेतकऱ्याने तर अवजारे बँकेतून किंवा गटाने घेतलेलीच वापरावी.

ओढ कमी पडली तर कपी वापरता येते. कपी ओंडक्याला बांधून वायर रोपचे टोक ट्रॅक्टरच्या बाजूच्या भक्कम आधाराला परत आणले की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. ओंडका वळवून आणायचा असेल तर कपी जिवंत झाडाला, शक्य तितकी बुंध्याशी बांधावी. त्या झाडावर वायर रोपच्या ओढीच्या दुपटीपर्यंत भार येऊ शकतो, त्यामुळे कोवळे किंवा पोखरलेले झाड चालत नाही. रोपच्या दोन बाजूंमधल्या कोनात कोणीही उभे राहू नये. कपी सुटली तर ती आणि रोप तिथेच झेपावतात.

ताणलेला वायर रोप तुटला की चाबकासारखा फिरतो. चालकाने जाळीच्या आडोशाला, बाजूला उभे राहावे; इतरांनी रोपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. चढावर ओढताना ओंडक्याच्या खालच्या बाजूला माणूस नको. ड्रमवर किमान ३ ते ५ वेढे शिल्लक ठेवावेत, कारण शेवटची पकड त्यांचीच असते. वायर रोप हाताळताना जाड चामडी हातमोजे घालावेत, तुटलेल्या तारांचे काटे तळव्यात खोल जातात. फिरत्या पीटीओ शाफ्टवर गार्ड असल्याशिवाय काम सुरू करू नये. उपरणे, साडीचा पदर, सैल बाही त्यात क्षणात ओढली जाते.

रोपची एखादी लड तुटली, कायमचा पीळ बसला किंवा रोप चपटा झाला तर तेवढा भाग कापून टोक नव्याने बांधून घ्यावे. गाठ मारून काम चालवू नये. नवा रोप घेताना त्याची तुटण्याची क्षमता विंचच्या ओढीच्या किमान दुप्पट आहे याची खात्री करावी. कोकणात पावसाळ्यापूर्वी रोप पूर्ण उलगडून, पुसून, तेल लावून, हलक्या ताणाखाली पुन्हा गुंडाळून ठेवावा. सैल गुंडाळलेला रोप पहिल्याच जड ओढीला खालच्या थरात रुततो आणि मग तो सोडवण्यात अर्धा दिवस जातो.